वस्तीवरील वर्कशॉपसाठी जुने मिलिंग मशीन घेताना
(शेतकरी मेळाव्यातील व्याख्यान)



पीकशास्त्र शिकविणारा माणूस आज लोखंडी यंत्रावर बोलणार, याचे काहींना नवल वाटेल. परंतु पेरणीची वेळ हा पीकशास्त्राचा पहिला धडा आहे आणि ती वेळ अनेकदा एका तुटलेल्या चावीमुळे हुकते. मृगाचा पाऊस होतो, वाफसा येतो, पेरणी यंत्र जुंपले जाते आणि त्याच दिवशी शाफ्टवरचे चाक फिरू लागते. तालुक्याच्या गावी वर्कशॉपपुढे रांग असते. दोन दिवस गेले की वाफसा जातो किंवा पुन्हा पाऊस येतो. म्हणूनच आयटीआय झालेली आपली मुले वस्तीवर वर्कशॉप काढू म्हणतात, तेव्हा त्यांना उत्तेजन द्यावे. मात्र यंत्र पारखून घ्यावे.

आधी गरज ठरवा

लेथवर गोल काम होते. मिलिंग मशीनवर सपाट पृष्ठभाग, खाचा, शाफ्टवरील कीवे आणि डिव्हायडिंग हेड असल्यास गिअरचे दाते कापता येतात. शेती अवजारांच्या दुरुस्तीत वेल्डिंग आणि ड्रिलिंगचे काम सर्वांत जास्त, त्यानंतर लेथचे आणि शेवटी मिलिंगचे. म्हणून खरेदीही याच क्रमाने करावी. लेथ असेल तर त्यावर मिलिंग अटॅचमेंट लावून लहान कीवे निघतात. असे काम वारंवार येऊ लागले तरच स्वतंत्र मशीन घ्यावे.

एक गोष्ट स्पष्ट सांगतो. रोटाव्हेटरच्या गिअरबॉक्समधील गिअर उष्णता प्रक्रियेने कडक केलेले असतात. साध्या लोखंडाचा गिअर कापून तेथे बसविल्यास तो टिकत नाही. असे गिअर तयारच आणावेत. कीवे, फ्लॅन्ज, ब्रॅकेट आणि कमी भाराची चाके ही घरच्या मशीनची कामे होत.

कोणत्या प्रकारचे घ्यावे?

आडव्या म्हणजे हॉरिझॉन्टल मशीनमध्ये कटर आर्बरवर बसतो. कीवे व गिअरसाठी ते उत्तम. उभ्या म्हणजे व्हर्टिकल मशीनवर एंड मिल वापरून अनेक प्रकारची कामे होतात. एकच मशीन घ्यायचे असेल तर व्हर्टिकल घ्यावे किंवा ज्याला व्हर्टिकल हेड जोडता येते असे हॉरिझॉन्टल पाहावे. कारखान्यांनी सीएनसी यंत्रे घेतल्यामुळे पिंपरी-चिंचवड, कोल्हापूर, नाशिक अशा औद्योगिक भागांत जुनी हाताने चालविण्याची मशीन विक्रीस येतात. एचएमटीसारख्या माहितीच्या बनावटीचे मशीन असेल तर त्यावर काम केलेले कारागीर भेटतात, ही मोठी सोय आहे. डायल मिलिमीटरची आहे की इंचाची, हेही पाहावे. इंचाच्या डायलवरील एक हजारांश इंचाची रेघ म्हणजे ०.०२५४ मि.मी. होय.

तपासणी कशी करावी?

नव्या रंगावर भुलू नये. बैल घेताना आपण झुलीकडे पाहत नाही, दात आणि खूर पाहतो. तसेच येथे करावे. जाताना एक डायल गेज, मॅग्नेटिक स्टँड, बॅटरी आणि स्वच्छ फडके न्यावे. जमल्यास जाणता टर्नर किंवा फिटर सोबत घ्यावा.

१) मशीन चालू स्थितीतच पाहावे. प्रत्येक गतीवर थोडा वेळ चालवून गिअरबॉक्सचा आवाज ऐकावा. ठराविक गतीवरच खडखड येत असेल तर त्या जोडीचे दाते गेलेले असण्याचा संभव असतो. अर्धा तास चालविल्यावर मशीन बंद करून स्पिंडलच्या बेअरिंगजवळ हात ठेवावा. कोमट असणे ठीक, चटका बसता कामा नये.

२) स्पिंडलचा टेपर पुसून आत ओरखडे आहेत का ते पाहावे. डायल गेजचे टोक टेपरमध्ये टेकवून स्पिंडल हाताने फिरवावा. काटा ०.०१ ते ०.०२ मि.मी. हलला तर आपल्या कामास उत्तम. ०.०५ च्या पुढे गेल्यास बेअरिंगचा खर्च गृहीत धरावा.

३) टेबलाची चाचणी सर्वांत महत्त्वाची. टेबल मध्यभागी आणून गिब किंचित आवळावी आणि हँडल फिरवून टेबल दोन्ही टोकांकडे न्यावे. मध्ये सैल आणि टोकांना घट्ट लागले तर मार्ग मध्यभागी झिजले आहेत, असे समजावे. गिब आवळून हा दोष जात नाही. मार्ग पुन्हा घासून सरळ करावे लागतात आणि ते खर्चाचे काम आहे. असे मशीन स्वस्त मिळाले तरी सोडून द्यावे.

४) हँडल एका बाजूस फिरवून मग उलट फिरवावे. टेबल हलण्यापूर्वी हँडल जेवढे रिकामे फिरते तो बॅकलॅश. ५ मि.मी. पिचच्या स्क्रूवर पाव फेरा रिकामा गेला तर १.२५ मि.मी. ढिलाई झाली. नट बदलून बहुतेक वेळा हा दोष कमी होतो, म्हणून तेवढ्यावरून मशीन नाकारू नये. किंमत मात्र कमी करून घ्यावी.

५) नी वर-खाली करून पाहावी. नंतर टेबलाचे टोक हाताने उचलण्याचा प्रयत्न करून डायल गेजवर हालचाल पाहावी. बिडाच्या भागांवर तडा किंवा वेल्डिंगची खूण असल्यास नीट चौकशी करावी. टेबलावर ड्रिलची भोके दिसली तर मशीन निष्काळजी हातात होते, असे समजावे.

वीज आणि पूरक साहित्य

या मशीनला बहुधा थ्री फेज मोटर असते. शेतीपंपाच्या जोडणीवर वर्कशॉपचा धंदा चालविता येत नाही. त्यासाठी वेगळी जोडणी घ्यावी लागते. मशीन ठरविण्यापूर्वीच वीज कंपनीच्या कार्यालयात चौकशी करावी. घरी सिंगल फेज असेल तर लहान मोटर व्हीएफडीवर चालू शकते. मात्र ती मोटर कमी दाबावर डेल्टा जोडता येते का, हे वायरमनकडून तपासून घ्यावे.

सौदा करताना व्हाइस, कॉलेट, आर्बर आणि डिव्हायडिंग हेड सोबत मागावे. हे सुटे घेऊ गेल्यास बराच पैसा जातो. डिव्हायडिंग हेडचे प्रमाण सामान्यतः ४० ला १ असते. २४ दात्यांसाठी ४० भागिले २४, म्हणजे १ पूर्ण फेरा आणि १८ भोकांच्या वर्तुळावर १२ भोके. एवढा हिशेब मुलाला करता येतो का, हे घरीच पाहावे.

एकूण खर्चाचा हिशेब

मशीनची किंमत हा खर्चाचा एक भाग झाला. क्रेन, वाहतूक, काँक्रीटची जमीन, वायरिंग, कटर आणि मोजमापाची साधने यांची यादी करून मगच बोली करावी. मध्यम आकाराचे मशीन एक टनाहून जड असते. दाराची रुंदी आधी मोजावी. पक्के बिल घ्यावे आणि त्यावर मशीनचा क्रमांक लिहून घ्यावा.

पीक कर्जाचा पैसा यात घालू नये. दुरुस्तीचे काम पेरणी आणि मळणीच्या वेळी उसळते व मधल्या महिन्यांत ओसरते. हप्ता मात्र ऋतू पाहत नाही. म्हणून मधल्या काळासाठी पंपाचे शाफ्ट, कपलिंग यांसारखी कामे आधी बोलून ठेवावीत.

कामाची सुरक्षितता

मशीनवर हातमोजे घालू नयेत, गळ्यात उपरणे नसावे, बाह्या दुमडलेल्या असाव्यात आणि डोळ्यांना चष्मा असावा. कीस हाताने न काढता ब्रशने काढावा. स्पिंडल पूर्ण थांबल्याशिवाय माप घेऊ नये.

सुरुवात एका कामाने करावी. २५ मि.मी. शाफ्टला ८ मि.मी. रुंद व ७ मि.मी. उंच चावी लागते आणि शाफ्टमध्ये खाच ४ मि.मी. खोल असते. हे काम आपल्या मशीनवर मापात निघू लागले, की रोहिणी निघण्यापूर्वी वस्तीवरची सर्व पेरणी यंत्रे बोलावून तपासावीत. जी चावी मे महिन्यात बदलली, ती मृगात तुटून वाफसा घालवीत नाही.