अशिलाच्या पलीकडे गेलेला युक्तिवाद

वकिलांची ही परिषद आपण नानी पालखीवाला यांच्या स्मृतीस अर्पण केली आहे. 1920 साली मुंबईत जन्मलेल्या आणि तिशीतच सर जमशेदजी कांगांसह प्राप्तिकर कायद्यावरचा प्रमाणग्रंथ सिद्ध करणाऱ्या या विधिज्ञावर एक आक्षेप कायम घेतला जातो, की ते धनिकांचे वकील होते. बँकांचे भागधारक, संस्थानिक, वृत्तपत्रांचे मालक यांची बाजू त्यांनी मांडली, हे खरेच आहे आणि ते झाकण्याचे कारण नाही. पण वकिलाची पारख अशिलांच्या यादीवरून करायची की त्याच्या युक्तिवादाने पुढे कोणाला आधार दिला यावरून, हा खरा प्रश्न आहे.

केशवानंद भारती खटलाच घ्या. केरळच्या जमीन सुधारणा कायद्यांविरुद्ध एडनीर मठाच्या प्रमुखांची याचिका, समोर 13 न्यायमूर्ती, 68 दिवसांची सुनावणी. 24 एप्रिल 1973 रोजी सात विरुद्ध सहा अशा निसटत्या बहुमताने ठरले, की संसद घटना दुरुस्त करू शकते, तिची मूलभूत चौकट मोडू शकत नाही. त्या कायद्यांना संरक्षण देणारी 29वी घटनादुरुस्ती मात्र वैध ठरली. जमीनदारांची ढाल म्हणून हिणवलेल्या युक्तिवादाने जमीनदार काही वाचला नाही! उलट अडीच वर्षांत, पंतप्रधानांची निवडणूक न्यायालयाच्या कक्षेबाहेर नेऊ पाहणारी 39व्या दुरुस्तीतली तरतूद याच तत्त्वावर रद्द झाली. लाभ झाला तो सामान्य मतदाराला. त्याच निवडणुकीच्या खटल्यात इंदिरा गांधींचे वकीलपत्र पालखीवालांनी जून 1975 मध्ये घेतले होते आणि आणीबाणी येताच परत केले होते. नोव्हेंबरात केशवानंद निकालाच्या फेरविचारासाठी पुन्हा 13 न्यायमूर्ती बसले, तेव्हा त्या फेरविचाराला विरोध करायला पालखीवालाच उभे होते. फेरविचार मागितला कोणी, याचे धड उत्तर मिळेना, आणि सुनावणी सुरू होऊन दोन दिवस होताच पीठ बरखास्त झाले.

लोकांनी निवडलेल्या संसदेला न्यायाधीशांनी का अडवावे, हा आक्षेप अधिक वजनदार आहे, आणि तो केरळच्या वतीने एच. एम. सीरवाईंनी न्यायालयात जिद्दीने मांडला होता. महाराष्ट्राचे महाधिवक्ता असलेले हे प्रतिपक्षाचे वकील कोणाच्या भिडेने बोलणारे नव्हते. आणीबाणीनंतर त्यांनीच आपल्या ग्रंथात मत बदलले आणि मूलभूत चौकटीचे तत्त्व मान्य केले. पालखीवालांच्या बाजूने याहून भक्कम साक्ष मला ठाऊक नाही.