टपालाचा भोंगा



'कचेरीतील ईमेल आणि कामातील एकाग्रता' हा विषय चिटणिसांनी मला दिला आहे. मी सातवीनंतर शाळा पाहिली नाही. इंग्रजी शिकलो तेही मालकांच्या नोटिसा कोश उघडून वाचता वाचता. तेव्हा शास्त्र सांगण्याचा आव मी आणीत नाही; माझीच एक चूक सांगतो.

चार वर्षांपूर्वी एका कारखान्यात आमच्या सभासदाची शिस्तभंगाची चौकशी चालू होती. तारीख अलीकडे ओढल्याचे पत्र शुक्रवारी सायंकाळी ईमेलने आले. मी त्या दिवशी सकाळपासून ईमेलच पाहत होतो! घंटा वाजली की उघडावयाचे, नजर टाकावयाची, 'मग बघू' म्हणून मिटावयाचे. हेही पत्र तसेच मिटले. न उघडलेले पत्र ठळक अक्षरांत दिसते. उघडलेले निमूटपणे वाचलेल्यांच्या रांगेत जाऊन बसते. सोमवारी चौकशी एकतर्फी झाली, मागोमाग बडतर्फीचा हुकूम. त्याची बाजू ऐकून घ्या, एवढ्यासाठी आम्ही सात महिने भांडलो. ते सात महिने त्या घरात पगार नव्हता. त्याची आई मला एका शब्दाने बोलली नाही. तेच अधिक लागले.

माझे वडील गिरणीत साचेखात्यात होते. धागा तुटला की साचा थांबवून गाठ मारावी लागते, हे ऐकत मी वाढलो. 1928 च्या मुंबईतील संपात विणकरांचे एक मोठे गाऱ्हाणे हेच होते की, दोनाऐवजी तीन साचे सांभाळावयास लावतात. आजच्या कारकुनापुढे यंत्र एकच असते. पण त्यावर साचे किती चालतात ते मोजा. आणि गिरणीचा भोंगा कर्कश खरा, पण पाळी सुटल्याचेही तोच सांगे. ईमेलची घंटा बोलावते तेवढी, सोडीत नाही.

मी प्रथम ती घंटा बंद केली. पोस्टमन ठरल्या वेळी येई, तशा दहा, एक आणि पाच या तीन वेळा ठरविल्या. उघडले ते तेथेच निकालात काढावयाचे. न जमले तर पुन्हा 'न वाचलेले' अशी खूण करावयाची आणि तारीख वहीत लिहावयाची. वही कागदाची आहे. तरुण कार्यकर्ते हसतात, हसोत. सभासदांना सांगितले, विषयाच्या ओळीत 'नमस्कार' नको, काम आणि तारीख लिहा. निकड असेल तर फोन करा. 'सर्वांना उत्तर' या बटणाविषयी मात्र या व्यासपीठावरून सभ्य शब्दांत बोलणे मला जमणार नाही.

पण सारा दोष नोकराच्या शिस्तीवर ढकलणे मला मान्य नाही. रात्री दहाला साहेबाचे पत्र आले तर शिस्त काय करील? नारायण मेघाजी लोखंड्यांच्या चळवळीनंतर 1890 साली गिरणी कामगाराला रविवारची सुटी मिळाली. ती कुणाच्या एकाग्रतेने मिळाली नव्हती. फ्रान्समध्ये 2017 पासून पन्नास व त्याहून अधिक नोकरांच्या कंपन्यांना, कामाच्या वेळेबाहेर संपर्क तोडण्याच्या हक्काविषयी संघटनेशी बोलणी करावी लागतात. आपल्या लोकसभेत 2018 साली असे एक खासगी विधेयक आले. त्याचा कायदा झाला नाही.

म्हणून सध्या एका करारात आम्ही कलम मागितले आहे : सायंकाळी सातनंतरच्या पत्राला सकाळपर्यंत उत्तर मागू नये. व्यवस्थापक म्हणाले, "लगेच उत्तर द्या असे म्हणतो कोण? सोयीने द्यावे." मी म्हटले, "मग तेवढेच लिहून द्या." त्यांनी पेनाचे टोपण लावले. पुढची बैठक येत्या गुरुवारी आहे. तारीख वहीत आहे.