दोष भिंगात असतो



शास्त्रज्ञ बाई म्हटलं की आपल्याला मेरी क्युरी आठवते आणि यादी तिथेच संपते. आज मी दुसरं नाव सांगणार आहे : ली फांगह्वा, चीनच्या स्फटिकशास्त्रज्ञ.

त्यांचा जन्म १९३२ चा, हाँगकाँगचा. शिक्षणासाठी त्या सोव्हिएत संघात गेल्या. १९५६ साली लेनिनग्राड विद्यापीठातून बाहेर पडल्या आणि बीजिंगच्या भौतिकी संस्थेत संशोधन करू लागल्या.

त्यांचं काम काय होतं? मिठाच्या खड्यात, धातूच्या तुकड्यात अणू ठरावीक रचनेत बसलेले असतात. ती रचना शोधायचं शास्त्र म्हणजे स्फटिकशास्त्र. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून ही रचना पाहता येते. पण त्याच्या भिंगातच दोष असतो, म्हणून चित्र धूसर येतं, कधी चक्क फसवं येतं. अणू जागेवर असतात, पण चित्रात सापडत नाहीत. भिंगानं चित्र कसं बिघडवलं हे गणितानं ओळखायचं आणि तो बिघाड काढून टाकायचा, अशी पद्धत ली यांनी उभी केली.

त्यांचे जोडीदार फान हायफू हेही स्फटिकशास्त्रज्ञ आणि त्याच संस्थेत. क्ष-किरणांनी रचना शोधण्याच्या गणितात त्यांचा हातखंडा. ते गणित आणि ली यांचा सूक्ष्मदर्शक यांची सांगड दोघांनी मिळून घातली. अशा ठिकाणी लोक काय म्हणतात, ते आपल्याला पाठ आहे : ‘संशोधन त्याचं, मदत हिची.’

इथे मात्र तसं झालं नाही. चिनी विज्ञान अकादमीवर फान १९९१ मध्ये निवडले गेले आणि ली १९९३ मध्ये, स्वतःच्या कामावर. २००३ मध्ये त्यांना लोरेआल-युनेस्कोचा स्त्री-शास्त्रज्ञांसाठीचा पुरस्कार मिळाला. तो मिळवणाऱ्या त्या पहिल्या चिनी स्त्री. तेव्हा त्यांचं वय होतं एकाहत्तर. २०२० मध्ये त्या वारल्या.

एकीला मान मिळाला म्हणजे समाजाचं भिंग सुधारलं, असं मी म्हणणार नाही. जोडीनं काम करणारी बाई प्रयोगशाळेत असो, शेतात असो की चळवळीत, तिच्या नावापुढे ‘मदतनीस’ असं चटकन लिहिलं जातं. ती कामावर असतेच, नोंदीत सापडत नाही. म्हणून कुठलाही अहवाल, कुठलाही इतिहास हातात आला की आपण आधी विचारायचं : हे चित्र कुठल्या भिंगातून काढलंय?