न बोललेलं भाषण

मी बी.ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस. गणिताशी माझं कधी जमलं नाही. तरी एका संख्येनं मला धडा दिला.

दोन हा आकडा सदुसष्ट वेळा घेऊन गुणाकार करा आणि त्यातून एक वजा करा. एकवीस अंकी संख्या येते : १४७५७३९५२५८९६७६४१२९२७. ही मूळ संख्या आहे, म्हणजे एक आणि ती स्वतः सोडून तिला कशानंच भाग जात नाही, असं फ्रान्सच्या मर्सेन यांनी १६४४ साली सांगितलं. १८७६ मध्ये ल्युका यांनी दाखवलं, की ती मूळ नाही. पण भाग कशानं जातो, ते त्यांनाही सापडलं नाही. मडकं वाजवून फुटकं आहे हे कळावं, पण चीर दिसू नये, तसं!

१९०३ साली अमेरिकेत गणितज्ञांच्या सभेत फ्रँक नेल्सन कोल फळ्यापाशी गेले. एकीकडे त्यांनी ही संख्या काढली. दुसरीकडे १९३७०७७२१ ला ७६१८३८२५७२८७ नं गुणलं. उत्तर तेच! एक शब्दही न बोलता ते जागेवर जाऊन बसले. टाळ्यांचा कडकडाट झाला. यासाठी त्यांचे तीन वर्षांचे रविवार गेले होते, असं सांगतात.

मी मात्र कविता वाचण्याआधी तिची पार्श्वभूमी सांगत बसतो. एका संमेलनात ती इतकी लांबली, की कवितेला वेळच उरला नाही. तेव्हा कोल आठवले. कवितेला ताळा नसतो, हे खरं. पण ओळ जमली असेल, तर ती मांडून खाली बसता आलं पाहिजे.

मीही बसतो.