सातासमुद्रांपलीकडील मराठी चित्रपट-महोत्सव



मनुष्य देशांतर करतो तेव्हां पेटींत कपडे घेतो, भांडीं घेतो, देवघरांतली एखादी मूर्तिही घेतो. भाषा मात्र पेटींत मावत नाहीं. ती पहिल्या पिढीच्या जिभेवर जाते, दुसऱ्या पिढीच्या कानांत राहते आणि तिसऱ्या पिढीस बहुधा आडनांवापुरतीच उरते. हा क्रम थोपविण्यासाठीं परदेशस्थ समाज नाना उपाय करीत आले आहेत. त्यांपैकीं चित्रपट-महोत्सव या एका उपायाविषयीं आज चार शब्द बोलण्याचें मीं योजिलें आहे.

या बाबतींत ग्रीक लोकांचें उदाहरण लक्षांत घेण्याजोगें आहे. ऑस्ट्रेलियांतील मेलबर्न शहरीं ग्रीकांची सामाजिक संस्था १८९७ सालीं स्थापन झाली. दुसऱ्या महायुद्धानंतर हजारों ग्रीक माणसें तेथें जाऊन वसलीं. ही संस्था मुलांना ग्रीक भाषा शिकविते आणि ग्रीक चित्रपटांचा महोत्सवही भरविते. पडद्यावर संवाद ग्रीक आणि खालीं अक्षरें इंग्रजी; त्यामुळें आजी ऐकते, नातू वाचतो आणि चित्रपट दोघांचाही होतो.

आपल्या चित्रपटाची परदेशवारीही जुनीच आहे. 'प्रभात'साठीं दामले-फत्तेलाल यांनीं दिग्दर्शित केलेल्या १९३६ सालच्या 'संत तुकाराम' चित्रपटाचा १९३७ सालीं व्हेनिसच्या महोत्सवांत गौरव झाला. परंतु तेथें पारख करणारे परके होते. मराठी माणसांनीं परदेशीं आपल्यासाठीं आपलाच उत्सव भरवावा, ही गोष्ट निराळी. उत्तर अमेरिकेंतील महाराष्ट्र मंडळांना एकत्र आणणारें बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ सालीं स्थापन झालें. पुढें 'देऊळ' चित्रपटाचे निर्माते अभिजित घोलप यांच्या पुढाकारानें 'नाफा' या संस्थेनें २०२४ च्या जुलै महिन्यांत कॅलिफोर्नियांतील सॅन होजे येथें खास मराठी चित्रपटांचा महोत्सव भरविला.

आतां आपण म्हणाल, वर्धा जिल्ह्यांतील श्रोत्यास याचें काय? याचें उत्तर असें कीं, उत्सवांत जो चेहरा दिसेल तोच परदेशीं वाढणाऱ्या मुलास महाराष्ट्राचा चेहरा वाटणार. सतीश मन्वर यांचा 'गाभ्रीचा पाऊस' हा चित्रपट २००९ सालीं हॉलंडमधील रॉटरडॅमच्या महोत्सवांत दाखविला गेला. त्यांत विदर्भांतला कापूस पिकविणारा शेतकरी आहे आणि त्याच्या तोंडीं वऱ्हाडी बोली आहे. शेजाऱ्यानें आत्महत्या केल्यावर किसनाची बायको धास्तावते. नवऱ्याच्या मनांत तसें कांहीं येऊं नये म्हणून त्याच्या आवडीचें रांधते आणि मुलाला बापावर नजर ठेवावयास सांगते. पाऊस मात्र दडी मारतो. हिंगणघाट, आर्वी, देवळी या भागांतील कोणासही ही गोष्ट समजावून सांगावी लागणार नाहीं.

घरापासून दूर असलेल्या माणसास सण, पैठणी आणि पुरणपोळी पडद्यावर पाहून डोळे भरून यावेत, हें स्वाभाविक आहे. त्यास नांवें ठेवण्याचें कारण नाहीं. परंतु आठवण गोड तेवढीच जपली, तर ती अर्धीच जपली असें होईल. जो नातू पडद्यावर केवळ पुण्या-मुंबईची बोली ऐकेल, तो पुढें वर्ध्याच्या आजोबांशीं बोलतांना त्यांच्याच भाषेस अशुद्ध समजेल. भाषा राखावयास निघालेल्या उत्सवानें तिची एक बोली गमवावी, याहून दुसरी हानि कोणती?

म्हणून दोन सूचना नम्रपणें कराव्याशा वाटतात. पहिली परदेशस्थ बांधवांना : प्रत्येक महोत्सवांत एक तरी चित्रपट असा असावा कीं ज्यांत कोंकण, खानदेश किंवा विदर्भ आपापल्या बोलीनें बोलतो, आणि इंग्रजी अक्षरें लिहितांना ती बोली जाणणाऱ्याचा सल्ला घ्यावा. दुसरी सूचना आपणां स्वतःस : ज्या चित्रपटास रॉटरडॅमच्या रसिकांनीं आपला वेळ दिला, त्यास आपल्या महाविद्यालयांनीं व गांवोगांवच्या वाचनालयांनीं एक सायंकाळ द्यावी. त्यासाठीं भव्य नाट्यगृह नको. एक पांढरी भिंत, एक यंत्र आणि नंतर अर्धा तास मोकळी चर्चा एवढें पुरे.

परदेशीं गेलेल्या मुलानें आपली बोली विसरूं नये अशी आपली अपेक्षा आहे. ती योग्यच आहे. पण ती बोली त्यानें ऐकावी कोठें, याचा विचार त्याच्याबरोबर आपणही केला पाहिजे.