फोटो कुठून काढला, कधी काढला?

गगनबावड्याच्या पावसात कारूळ घाटाच्या तोंडाशी उभं राहून बघा. पाच पावलांवरचं झाड काळंभोर दिसतं, त्याच्या मागचं करडं, त्याहून मागचं म्हणजे नुसती पुसट रेघ. त्याच्या पुढे अख्खं कोकण आहे, पण दिसत काहीच नाही. निसर्गाच्या फोटोत खोली येते ती अशी. लख्ख उन्हात भरदुपारी काढलेल्या फोटोत तेच डोंगर सारखेच हिरवे आणि एकमेकांना चिकटल्यासारखे वाटतात. म्हणून निसर्गाचा फोटो हाती आला की जवळ काय आहे, लांब काय आहे आणि मधली जागा कशाने भरली आहे, हे आधी बघा.

आपल्याकडची कितीतरी मुलंमुली आता परदेशात राहतात. तिथल्या खेड्यांचे, जुन्या शहरांचे फोटो ती घरी पाठवतात. डोंगरांच्या फोटोंना हीच नजर पुरते. इमारतींचं मात्र वेगळं असतं.

कोल्हापूरचा नवा राजवाडा घ्या. मेजर चार्ल्स मँट यांनी आराखडा केलेली ही वास्तू 1884 मध्ये पूर्ण झाली. तिचा घडीव काळा दगड दुपारी बारा वाजता सपाट दिसतो. ऊन तिरपं झालं की कमानींच्या पोटात सावली साचते, कोरीव काम उठून येतं आणि दगडावरचा टाकीचा घाव न् घाव वाचता येतो. दुसरी गोष्ट उभ्या रेषांची. कॅमेरा वर करून मनोरा टिपला की भिंती मागे कलंडल्यासारख्या दिसतात. जाणता छायाचित्रकार मागे सरकतो, समोरच्या घराचा जिना चढतो आणि कॅमेरा सरळ धरतो. त्या सरळ रेषेमागे बरीच पायपीट असते.

परक्या मुलखात राहून अशी पायपीट करणारे आपल्याकडेही येऊन गेले. 1855 मध्ये मुंबई सरकारने तोफखान्यातले कॅप्टन थॉमस बिग्ज यांना जुन्या वास्तूंचे फोटो काढण्याच्या कामावर नेमलं. विजापूर, बदामी, ऐहोळे त्यांनी टिपलं. त्यांची निगेटिव्ह कागदाची असे. चित्र उमटायला वेळ लागे, तेवढ्यात चालतीबोलती माणसं त्यातून पुसली जात. तेव्हा त्या काळच्या फोटोंतला ओसाडपणा पूर्ण खरा मानू नका. विजापूर तेव्हाही नांदतं गाव होतं. असे फोटो बघताना रिकाम्या रस्त्यावर, पायऱ्यांवर एखादी धूसर सावली शोधा. ती सापडली की फोटो जिवंत होतो, हा माझा अनुभव आहे.

आता परदेशातून येणाऱ्या फोटोंकडे परत येऊ. तिथल्या एखाद्या पुलावर पर्यटकाच्या वाट्याला एखादी दुपार येते. तिथेच राहणारी तुमची मुलगी त्याच पुलावरून रोज कामाला जाते. पूल बर्फात कसा दिसतो, दिवे लागल्यावर कसा दिसतो, हे तिला ठाऊक असतं. पुढचा फोटो आला की तिला एवढंच विचारा: किती वाजता काढलास, कुठे उभी होतीस, आणि त्या वाटेने रोज कोण कोण जातं?