वर्ज्य काळातील दूध

दुभत्या जनावराला कासदाह झाला, म्हणजे कास सुजून दगडासारखी कठीण झाली आणि दुधात गाठी येऊ लागल्या, की प्रतिजैविके द्यावी लागतात, हे पशुपालकांना ठाऊकच आहे. मात्र उपचारानंतर दूध किती दिवस बाजूला ठेवावयाचे याकडे होणारे दुर्लक्ष अतिशय चिंताजनक आहे. औषधाची शेवटची मात्रा दिल्यापासून दुधातील त्याचा अंश सुरक्षित मर्यादेखाली येईपर्यंतच्या काळास वर्ज्य काळ म्हणतात. केंद्र सरकारने २०१२ मध्ये औषधनियमांत दुरुस्ती करून हा काळ पशुऔषधांच्या वेष्टनावर छापणे बंधनकारक केले आणि ज्या औषधाचा वर्ज्य काळ निश्चित झालेला नसेल त्याच्यासाठी दूध व अंडी यांच्या बाबतीत किमान ७ दिवस, तर मांसाच्या बाबतीत किमान २८ दिवस ठरवून दिले. तरीही अनेक गोठ्यांत आजारी गाईची धार नेहमीच्याच कॅनमध्ये ओतली जाते.

सुजलेल्या सडात ट्यूब सोडली तरी उरलेल्या तीन सडांचे दूध निर्धोक राहते, असा एक समज आहे. तो चुकीचा आहे, कारण औषध कासेतून रक्तात शोषले जाते आणि रक्तावाटे इतर सडांतही उतरते. म्हणून दूध बाजूला ठेवावयाचे ते चारही सडांचे. उकळल्याने दुधातील जंतू मरतात, परंतु बहुतेक प्रतिजैविके उकळल्याने नाहीशी होत नाहीत. अशा दुधाला विरजण लावले तर दही नीट न लागण्याचा संभव असतो, कारण दही घडविणाऱ्या जिवाणूंचीच वाढ औषधाच्या अंशामुळे खुंटते. हे दूध वासराला पाजणेही योग्य नाही; त्यामुळे औषधाला न जुमानणारे जिवाणू वासराच्या आतड्यात वाढीस लागतात.

औषधाला न जुमानण्याच्या या शक्तीस प्रतिरोध म्हणतात. शेतातील हरळी वरवर खुरपली असता उथळ मुळांची रोपे उपटून येतात आणि खोल मुळांची तेवढी मागे राहतात, मोकळ्या झालेल्या जागेत तीच फोफावतात आणि पुढच्या हंगामात बांध ओलांडून शेजाऱ्याच्या वावरातही शिरतात. अपुऱ्या मात्रेने जिवाणूंच्या बाबतीत असेच घडते. मात्र हरळी आपले खोल मूळ दुसऱ्या गवताला देऊ शकत नाही, तर जिवाणू प्रतिरोधाची जनुके वेगळ्या जातीच्या जिवाणूंनाही देऊ शकतात, आणि म्हणूनच गोठ्यातील प्रतिरोध गोठ्यापुरता राहत नाही.

मात्रा अपुरी राहण्याचे मूळ बहुधा दुधाच्या हिशेबात असते. सूज उतरली की दूध लवकर डेअरीला घालता यावे म्हणून पशुवैद्यकाने सांगितलेले उपचार मध्येच थांबविले जातात आणि औषधाचा अंश असलेले दूध कॅनमध्ये जाते. यात उत्पादकाचा लोभ पाहणे अन्यायाचे ठरेल. एकदोन गाईंवर ज्याचे घर चालते, त्याला आठवडाभराचे दूध ओतून देणे जड जाणारच. हा तोटा दूध संघांनी वाटून घेतला पाहिजे, आणि उपचार चालू असल्याचे प्रामाणिकपणे सांगणाऱ्या उत्पादकाला त्या दिवसांची काही भरपाई मिळाली पाहिजे.

कुक्कुटपालनाचा प्रश्नही तितकाच गंभीर आहे. मानवी रुग्णांसाठी अखेरचा उपाय म्हणून राखून ठेवलेले कोलिस्टिन हे प्रतिजैविक अन्नासाठी पाळल्या जाणाऱ्या प्राण्यांत वापरण्यास केंद्र सरकारने २०१९ मध्ये बंदी घातली. कोंबड्यांच्या खाद्यातून दिल्या जाणाऱ्या इतर औषधांचा विचार येथे केलेला नाही.

दुधापुरती गोष्ट मात्र पुन्हा सांगणे आवश्यक आहे: एका सडात औषध सोडले तरी दूध चारही सडांचे वेगळे काढावे, आणि ते वर्ज्य काळ संपेपर्यंत. पशुवैद्यकांनी औषधाच्या चिठ्ठीवर शेवटच्या मात्रेची तारीख आणि दूध पुन्हा केंद्रावर घालण्याची तारीख ठळक अक्षरांत लिहून द्यावी, आणि पशुपालकांनी ती मागून घ्यावी.